पुस्तक खाली ठेवल्यावर मुलं दिसायला लागतात

बी.एड. दोन वर्षांचं झालं, म्हणजे एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेचे २०१४ चे नियम आले आणि २०१५ पासून कॉलेजं त्याप्रमाणे चालायला लागली, तेव्हा त्यात ईपीसी (शिक्षकाच्या व्यावसायिक क्षमता वाढवणं) नावाचे चार छोटे विषय आले. वाचून त्यावर विचार करणं, शिक्षणातलं नाट्य आणि कला, आयसीटी म्हणजे संगणक-माहिती तंत्रज्ञान, आणि चौथा, स्वतःला समजून घेणं. ही यादी आजही वाचली की मला बरं वाटतं. शिक्षक घडवताना त्याला नाटक करायला लावलं पाहिजे, चित्र काढायला लावलं पाहिजे आणि आपण कोण आहोत याचा विचार करायला जरा वेळ दिला पाहिजे असं कुणाला तरी मनापासून वाटलं आणि ते सरकारी अभ्यासक्रमात उतरलं, ही साधी गोष्ट नाहीये. पण पुढे त्याचं काय होतं तेही मी बघितलंय. बऱ्याच ठिकाणी त्याचं जर्नल होतं. मार्जिन आखलेलं, कव्हर घातलेलं, आधीच्या बॅचच्या ताईचं समोर ठेवून उतरवलेलं. "माझी बलस्थाने", "माझ्या मर्यादा", वाक्यंसुद्धा तीच. मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. वेळापत्रकात त्याला तास नसतो, सराव पाठ आणि टाचणं यातच जीव जातो, आणि जे सर शिकवणार त्यांनाही कधी कुणी खाली बसवून गोष्ट सांगायला लावलेली नसते.

मग कला, हालचाल, गोष्ट हे सगळं शिक्षकाच्या प्रशिक्षणात हवंच कशाला? "मुलांना आनंददायी शिक्षण मिळावं म्हणून" हे उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ते खरंही आहे, पण मला ते अपुरं वाटतं. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर माझं मत असं झालंय की हे सगळं आधी शिक्षकाच्या नजरेसाठी आहे. समोर बसलेलं मूल त्याला दिसावं म्हणून. बाकीचे फायदे त्याच्या मागून येतात.

हे मत बनलं ते एका उन्हाळ्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी चालू होती, दुसरीचा वर्ग होता, आणि एका मैत्रिणीच्या आग्रहाने मी वाल्डॉर्फ पद्धतीच्या शिक्षक प्रशिक्षणाला गेले. तोवर आमची प्रशिक्षणं म्हणजे हॉल, पंखे, प्रोजेक्टर, सकाळची सही दुपारची सही, मधे चहा, आणि तज्ज्ञ मार्गदर्शक वाचून दाखवतायत ती स्लाइड. इथे गेल्या गेल्या खुर्च्याच नव्हत्या. सकाळी गोल करून उभं राहायचं, गाणं, मग हालचाल, मग मुख्य विषय, दुपारी ओल्या कागदावर रंग, नाहीतर मेणाचे आकार, नाहीतर विणकाम. पन्नाशीतले एक गणिताचे सर शेजारी सुया घेऊन बसलेले, टाके मोजतायत.

या पद्धतीचा उगम मला आधी माहीत नव्हता आणि कळल्यावर फार आवडला. पहिलं महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. जर्मनीत स्टुटगार्टला वाल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता, त्याचे मालक एमिल मोल्ट यांना आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती आणि त्यांनी ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनरना विचारलं. शाळा ७ सप्टेंबर १९१९ ला उघडली. त्याच्या आधीचे साधारण दोन आठवडे स्टायनरनी शिक्षक होणाऱ्या लोकांना सोबत घेऊन बसून तयार केलं. त्यातले बरेचजण पेशाने शिक्षक नव्हतेच. रोज एक सत्र माणूस कसा वाढतो यावर, दुसरं शिकवण्याच्या पद्धतीवर, आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष काम: उच्चाराचे सराव, आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या स्वभावाच्या मुलांना कशी सांगाल ते करून दाखवायचं. आज तुम्ही, उद्या तुम्ही, असं वाटून दिलेलं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तिसऱ्या सत्राची मला राहून राहून आठवण येते, कारण आमच्या प्रशिक्षणांमधून नेमकं तेच गळून गेलंय. काय शिकवायचं ते आम्हाला सांगतात, पण उभं राहा आणि सांग बघू, असं कुणी म्हणत नाही.

गोष्टीपासून सुरुवात करते, कारण तिथेच मला सगळ्यात जास्त मिळालं.

वाल्डॉर्फमध्ये शिक्षक गोष्ट वाचून दाखवत नाही, सांगतो. पहिलीला लोककथा परीकथा, दुसरीला पशुपक्ष्यांच्या बोधकथा आणि संतांच्या गोष्टी, पुढे पुराणकथा, असा वयाप्रमाणे क्रम लावलेला असतो, आणि भारतातल्या शाळांनी त्यात पंचतंत्र, रामायण, महाभारत घेतलंय. पण प्रशिक्षणात आम्हाला दिली ती चिऊकाऊची गोष्ट. सगळ्यांना आधीच येणारी, कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, पाऊस आला, घर वाहून गेलं, चिमणीताई चिमणीताई दार उघड, थांब माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. आम्ही सगळे मनातून निर्धास्त. ही काय, लहानपणापासून ऐकलीये, शेवट तेवढा प्रत्येक घरात वेगळा. एक मॅडम उठल्या आणि अगदी हातवारे करून, आवाज बदलून, स्नेहसंमेलनात सांगतात तशी सांगितली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सत्र घेणाऱ्या ताई शांतपणे म्हणाल्या, छान, आता एक सांगा, चिमणी "थांब" म्हणते तेव्हा ती कुठे बघत असते?

मॅडम गप्प झाल्या. आम्हीही. मग ताई एकेक विचारत गेल्या. पाऊस कुठल्या बाजूने येतोय? मेणाच्या घराला पावसाचा आवाज कसा येत असेल? बाळाला अंघोळ घालायला पाणी कशात आहे? कावळा दारात उभा आहे तर त्याचे पंख कसे असतील? उत्तर काय द्यायचं हे महत्त्वाचं नव्हतंच, तुम्हाला दिसतंय का एवढंच. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट आम्ही तुकड्या तुकड्याने आठवून एकमेकांना सांगितली, तिसऱ्या दिवशी तिचं चित्र काढलं. एक दिवस ऐकायचं, रात्र मधे जाऊ द्यायची, दुसऱ्या दिवशी आठवायचं, तिसऱ्या दिवशी हाताने काहीतरी करायचं, हा त्यांच्या शिकवण्यातला नेहमीचा क्रम आहे. आणि त्याच मॅडमनी पुन्हा सांगितली तेव्हा हातवारे जवळजवळ गेले होते. आवाज साधा, बोलण्यासारखा. "थांब" म्हणताना त्या खाली बघत होत्या, मांडीवरच्या बाळाकडे. हॉलमध्ये इतकी माणसं होती आणि कुणी चुळबूळसुद्धा केली नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी पुस्तक न घेता हीच गोष्ट माझ्या वर्गाला सांगितली. गोष्ट डोळ्यापुढे असली की पुढचं वाक्य शोधावं लागत नाही, आणि ते शोधावं लागत नाही म्हणून डोळे मोकळे राहतात, हे मला त्या दिवशी वर्गात उभं राहिल्यावर कळलं. हात मोकळे, डोळे मोकळे, मी नुसती मुलांकडे बघत होते. आणि मला दिसलं की खिडकीजवळ बसणारा एक मुलगा सगळ्यांबरोबर हसत नाहीये. तो हसत होता, पण अर्धा क्षण उशिरा. आधी शेजारच्याकडे बघायचा आणि मग हसायचा. घरची बोली वेगळी, आईवडील कामासाठी आलेले, पटावर आणि रोजच्या हजेरीत कुठेच हे लिहिलेलं नसतं, आणि "समजलं का?" विचारलं की तो बाकी सगळ्यांसारखं जोरात "होऽऽ" म्हणायचा. हातात पुस्तक असताना तो अर्धा क्षण पकडता येत नाही. मग मी त्याच्या मोठ्या बहिणीला गाठून गोष्टीतले दोनचार शब्द त्यांच्या बोलीतले विचारून घेतले, पुढच्या वेळी कावळ्याच्या तोंडी ते घातले, आणि त्या दिवशी वर्गात पहिला हसला तो तोच.

हालचालीचं आपल्याकडे लगेच कवायत होते, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते. युरिदमी नावाचा एक प्रकार वाल्डॉर्फमध्ये असतो, बोलण्यातले आवाज आणि संगीताचे सूर शरीराच्या हालचालीने दाखवायचे, ती कला शिकायला स्वतंत्रपणे काही वर्षं द्यावी लागतात, आम्हाला फक्त ओळख झाली. पण त्यातला काठ्यांचा सराव डोक्यात राहिला. तांब्याची काठी उजव्या हाताने शेजारच्याला द्यायची आणि त्याच क्षणी डाव्या हाताने दुसऱ्याकडून घ्यायची, सगळ्या गोलाने एका लयीत. ऐकायला सोपं आहे. होत असं की द्यायच्या नादात आपण घ्यायला विसरतो आणि खण्णकन काठी खाली. बराच वेळ खणखणाट चालू होता, मग कधीतरी सगळ्यांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली आणि ते जमलं. शिक्षकाला सतत देण्याची इतकी सवय असते की समोरून काहीतरी येतंय ते त्याला जाणवत नाही, आणि हे मला कुठल्याही स्लाइडने इतकं स्पष्ट सांगितलं नसतं. पाढ्यांचंही तसंच. तीनच्या पाढ्याला गोलात चालायचं, दोन पावलं हलकी, तिसऱ्याला जोरात पाय आणि टाळी, तीन, सहा, नऊ. हे वर्गात केलं की कोण चुकतंय हे विचारावंच लागत नाही, पाय सांगतात. काही मुलांना पाढा तोंडपाठ असतो आणि पायाला माहीत नसतो, काहींचं उलट. दोघांना लागणारी मदत वेगळी.

चित्रकलेचं थोडक्यात. स्टायनरनी पहिलीच्या पहिल्या दिवसासाठी सुचवलेला धडा म्हणजे फळ्यावर एक सरळ रेघ आणि एक वाकडी रेघ, आणि प्रत्येक मुलाने येऊन ती काढायची. आम्हीही तेच केलं. आमच्यातल्या ज्या बायका वर्षानुवर्षं दारात ठिपक्यांची रांगोळी काढतायत त्यांचा हात असा काही फिरला की घेणाऱ्या ताई थांबून बघत राहिल्या. आकृतिरेखन म्हणून जे तिकडे शिकवतात, डावीकडच्या आकाराचं प्रतिबिंब उजवीकडे, एकमेकांत गुंफलेल्या रेघा, ते आपल्याकडे अंगणात रोज होतं आणि शाळेत मात्र "ड्रॉइंग येत नाही" म्हणून आपण मोकळे होतो. याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. ज्यांच्या हातात हे आहे त्यांना शिक्षिका म्हणून त्याची किंमत कधी कुणी सांगितली नाही.

आता स्वतःकडे बघण्याचं. ईपीसीच्या जर्नलमध्ये जे उतरवून काढतात ते इथे दोन प्रकारे केलं जातं.

एक म्हणजे एका मुलाचं वर्णन. वाल्डॉर्फ शाळांमध्ये शिक्षकांच्या साप्ताहिक बैठकीत कधीकधी एकच मूल घेतात आणि त्याला शिकवणारे सगळे फक्त काय दिसतं ते सांगतात. आम्ही आपापल्या वर्गातलं एकेक मूल डोळ्यापुढे आणलं, नाव न घेता. अट अशी की हुशार, ढ, मस्तीखोर, अभ्यासात लक्ष नाही, घरची परिस्थिती, यातलं काही म्हणायचं नाही. चालतो कसा, बसतो कसा, पेन्सिल कशी धरतो, आवाज कुठून येतो, वर्गात शिरताना काय करतो. पहिली पाच मिनिटं कुणाला बोलताच येईना, कारण आपल्याकडे मुलांबद्दल शेरे भरपूर असतात आणि दिसलेलं फार थोडं असतं. मग ते विणकामवाले गणिताचे सर बोलायला लागले. म्हणाले, चपला काढताना तो दुसऱ्यांच्या विस्कटलेल्या चपला आधी ओळीत लावतो, मग स्वतःच्या. बाकावर बसताना कडेला बसतो. वही उघडायच्या आधी दोन्ही तळहात पँटला पुसतो. आणि इथे सर थांबले. कुणीतरी विचारलं, का पुसतो? सर म्हणाले, तळहाताला घाम येतो त्याच्या, म्हणून पानं चोळामोळा होतात, म्हणून अक्षर पसरतं. त्या मुलाच्या वहीवर "अस्वच्छ लेखन" हा शेरा वर्षभर पडत होता. सरांना हे बाहेरून कुणी सांगितलं नाही, माहिती त्यांच्याकडेच होती, फक्त शेऱ्यांच्या खाली दबलेली.

दुसरा प्रकार, रात्री झोपायच्या आधी दिवस उलटा आठवायचा. म्हणजे आत्ता अंथरुणावर आहे, त्याआधी भांडी आवरली, त्याआधी जेवण, असं मागे मागे सकाळपर्यंत, स्वतःला दुरून बघितल्यासारखं. बरं वाईट ठरवायचं नाही. स्टायनरनी सुचवलेला सराव आहे, आणि पुष्कळ वाल्डॉर्फ शिक्षक त्यात वर्गातली मुलं एकेक करून डोळ्यापुढे आणतात. मी करते. रोज होत नाही, दमलेली असले की शाळेच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत झोप लागते. पण होतं त्या रात्री काही मुलं लख्ख दिसतात आणि काही दिसतच नाहीत. त्यांनी कुठला शर्ट घातला होता, कुणाशेजारी बसली, काही बोलली का, पूर्ण कोरं. ती बहुतेकदा त्रास न देणारी, मधल्या मार्कांची मुलं असतात. सकाळी परिपाठाला मी आधी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहते. बास, एवढंच करायचं असतं, बाकी त्यातून काय निघेल ते निघतं.

स्टायनरचं सगळं मला पटतं असं अजिबात नाही. त्यांच्या अँथ्रोपोसॉफी नावाच्या आध्यात्मिक विचारसरणीमधलं पुनर्जन्माचं, आत्म्याच्या पातळ्यांचं मी बाजूला ठेवते, माणसांच्या वंशांबद्दल त्यांनी जे काही लिहून-बोलून ठेवलंय त्यातलं पुष्कळसं सरळ नाकारायलाच हवं असं आहे, आणि मुलांचे चार स्वभाव वगैरे मला फार ठोकळेबाज वाटतं. शिवाय आपल्याकडच्या वाल्डॉर्फ शाळा बहुतेक मोठ्या शहरांत आणि खासगी आहेत, त्यांची फी माझ्या वर्गातल्या कुठल्याच पालकाला झेपणार नाही. शाळा काढली होती कारखान्याच्या कामगारांच्या मुलांसाठी, हे आठवलं की जरा टोचतं.

पण यासाठी स्टुटगार्टपर्यंत जायलाच हवं असंही नाही, आणि हे मला आवर्जून लिहायचंय. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका या शिक्षणतज्ज्ञांबरोबर काम करत होत्या, तिथे बालमंदिराच्या जोडीला शिक्षक घडवणारं अध्यापन मंदिर होतं, आणि स्वतः गिजुभाई गोष्ट सांगण्याचं शास्त्र मांडून गेलेत. त्यांना "मूछाळी मा" म्हणायचे, मिशीवाली आई. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये ताराबाई डहाणूजवळ बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात गेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं आणि गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पानं. गाणी, नाच, गोष्टी तर होत्याच. मुलं का येत नाहीत हे त्यांना दिसलं, कारण त्या तिथे जाऊन बसल्या आणि बघत राहिल्या. गुरं सोडून मूल येऊ शकत नाही हे ज्याला दिसतं त्यालाच कुरणात शाळा सुचते. आज अंगणवाडी हा शब्द देशभर आहे, पण त्यामागचं हे बघणं शिक्षकाला शिकवायचं मात्र राहून गेलं.

आत्ताची स्थिती अशी आहे की कागदावर सगळं अनुकूल आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कलेला जोडून शिकवणं आहे, गोष्टीतून शिकवणं आहे, शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या वाढीसाठी द्यावेत असंही आहे. त्याच्या आधी २०१९ मध्ये निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं, साधारण ४२ लाख शिक्षकांसाठी, त्यात कला समेकित शिक्षणाचं मॉड्यूल होतं, आणि कोविडमध्ये ते दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपवर गेलं. इतक्या मोठ्या संख्येला ऑनलाइनशिवाय पर्याय नव्हता हे मला समजतं. पण कलेचं मॉड्यूल मोबाईलवर बघून, शेवटचे प्रश्न सोडवून, सर्टिफिकेट डाउनलोड करून हाताला काहीच होत नाही. हाताला करावंच लागतं. आणि त्यासाठी आधी डाएटच्या, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेच्या, अधिव्याख्यात्यांना, साधनव्यक्तींना गोलात उभं करावं लागेल, कारण ज्याने स्वतः केलेलं नाही तो पुढे फक्त सांगू शकतो.

जागा मात्र आहे. दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होते. आमच्या केंद्रप्रमुखांना मी विचारलं, तर सुरुवातीचा पाऊण तास द्यायला ते तयार झाले. परिपत्रकं नंतर, आधी गोल. एका महिन्यात एक गोष्ट, एकाच शिक्षकाने पुस्तक न घेता सांगायची, बाकीच्यांनी फक्त "तुम्हाला हे दिसतंय का?" असले प्रश्न विचारायचे, चांगलं वाईट कुणी म्हणायचं नाही. पुढच्या महिन्यात एका मुलाचं वर्णन, शेरे न देता. सुरुवातीला दोघंतिघं मागे भिंतीला टेकून उभे राहायचे, त्यांना कुणी ओढलं नाही, आता त्यातले एकजण पुढच्या वेळी भोपळ्यातली म्हातारी सांगणार आहेत.

तुमच्या केंद्रात करून बघणार असाल तर गोष्ट छोटी घ्या, दहा मिनिटांच्या आत संपणारी, आणि सगळ्यांना आधीपासून येणारी. नवीन गोष्ट घेतली की सगळं लक्ष पुढे काय होतं यात जातं. व्हिडिओ शूटिंग करू देऊ नका, कॅमेरा आला की स्नेहसंमेलन सुरू होतं. आणि मुलाचं वर्णन करताना नाव आणि गाव सांगायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, कारण एकाच केंद्रातले आपण, कुणाचा तरी भाचा निघतोच.